गाडी उघडण्याचा हक्क

सर्व्हिसिंगहून आलेली दुचाकी खडखडू लागली, बाजूच्या पॅनेलचा एखादा स्क्रू गायब दिसला किंवा आतले लॉक तुटलेले आढळले, की आपण सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारून मोकळे होतो. कधीकधी तो निष्काळजी असतोही. पण गावोगावी, निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर तोच प्रकार घडत असेल, तर कारण एकट्या माणसाच्या हातात नसते. पॅनेल कुठून सुटते, कोणत्या क्रमाने निघते, कोणता बोल्ट कुठे बसतो आणि किती आवळायचा, हे गाडी बनवणाऱ्या कंपनीला पक्के ठाऊक असते. तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते चित्रांसह छापलेलेही असते. मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ते पोहोचवण्याचे कोणतेही ठोस बंधन तिच्यावर नाही. हे बंधन कायद्याने घातले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे १.९६ कोटी दुचाकी विकल्या गेल्या. वॉरंटीची मुदत सरली की यातल्या कितीतरी गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी पुन्हा चढत नाहीत. त्यांची उरलेली सगळी हयात अशाच लहान गॅरेजांच्या भरवशावर जाते.

हा प्रश्न पूर्वी एवढा टोकदार नव्हता. १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतकचे अंग पत्र्याचे होते. इंजिनावरचे झाकण काढले की स्पार्क प्लग समोर दिसे आणि घरोघरचे स्कूटरमालक तो स्वतः साफ करत. शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलींत तर झाकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. पुढे प्लास्टिक आले आणि त्याला सबळ कारणे होती. ते हलके असते, गंजत नाही, हव्या त्या आकारात ओतता येते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, फ्युएल इंजेक्शन सर्रास आले आणि त्याबरोबर सेन्सर, कंट्रोल युनिट, वायरिंगचे जुडगे पॅनेलखाली जाऊन बसले. त्यामुळे आज अनेक स्कूटरमध्ये हेडलाइटचे किरकोळ काम करायचे तरी पुढचे आवरण सोडवावे लागते, आणि पूर्ण फेअरिंगच्या मोटारसायकलीत प्लगपर्यंत हात पोहोचण्याआधी निम्मी गाडी उघडी पडते. बाहेरून स्क्रू दिसू नयेत, हा आता सौंदर्याचा दंडक झाला आहे. परिणामी ते सीटखाली, पायदानाच्या रबराखाली किंवा दुसऱ्याच पॅनेलमागे दडवलेले असतात. ज्याला त्यांची जागा माहीत नाही, तो पॅनेल ओढून पाहतो, आणि आतले लॉक तुटते ते याच क्षणी.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या जोडणीत बरेच शास्त्र आहे. बोल्टच्या भोकात पुष्कळदा एक रबरी बुश आणि त्याच्या आत धातूची छोटी नळी, म्हणजे कॉलर, असते. बोल्ट आवळला जातो तो या कॉलरवर. प्लास्टिकवर त्याचा थेट भार येत नाही. पॅनेल रबरावर तरंगत राहते आणि इंजिनाची थरथर रबर गिळते. गाडी उघडताना ही कॉलर निसटून पडली आणि तिच्याविना बोल्ट परत घट्ट केला, तर सगळा दाब प्लास्टिकवर येतो. थोड्याच दिवसांत भोकाभोवती बारीक तडे जातात. तडे जाऊ नयेत म्हणून बोल्ट सैल ठेवला तर पॅनेल खडखडते. आवळण्याचेही माप असते. सर्वसाधारण सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन मीटर पीळ पुरतो, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम एक किलो वजन टांगावे एवढाच. प्लास्टिकमध्ये थेट शिरणाऱ्या स्क्रूला तर याहून बराच कमी. टी-पान्याला जोर लावण्याची सवय जडलेला हात हे माप सहज ओलांडतो आणि आटे जातात. सगळे बोल्ट आधी हलके लावून, भोके जुळली याची खात्री करून मग आवळायचे असतात. तसे केले नाही तर शेवटचा बोल्ट जागेवर येत नाही, आणि तो बाहेरच ठेवून गाडी मालकाच्या हवाली केली जाते.

हत्यारांचीही हीच गोष्ट आहे. जपानी मानकाच्या स्क्रूची फुली आणि आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरची फुली दिसायला सारखीच, पण त्यांच्या घडणीत सूक्ष्म फरक आहे. चुकीचे टोक खाचेच्या तळाशी बसत नाही, जोर लावताच वर उसळते आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकते. प्लास्टिकच्या पुश क्लिपांतही प्रकार आहेत. काहींची मधली पिन आत दाबली की क्लिप सुटते, तर काहींची वर उचलावी लागते. फरक ठाऊक नसेल तर क्लिप उचकटून तोडली जाते आणि तिच्या जागी केबल टाय येतो. बोल्ट सुटू नये म्हणून लावायचे थ्रेडलॉकरचे द्रव एबीएस प्लास्टिकला लागले, तर ते तडकू शकते. यातली कोणतीही गोष्ट अवघड नाही. सांगितली तर अर्ध्या तासात समजते. ती सांगण्याची सोय मात्र कुठेच नाही, आणि म्हणूनच प्रत्येक मेकॅनिक ती गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकतो.

या शिक्षणाचा खर्च मालक उचलतो. क्लिप, बुश किंवा कॉलर सुटी मिळाली तर किरकोळ पैशांत भागते. पण ती दुकानात मिळत नाही किंवा तिचा पार्ट नंबर कोणाला ठाऊक नसतो. लॉक तुटले तर फक्त लॉक मिळण्याची सोय बहुधा नसतेच. रंगवलेले, स्टिकर लावलेले अख्खे पॅनेल घ्यावे लागते. विमा मदतीला येईल या भ्रमातही राहू नये. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटार विम्यात प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे वेगळे झिरो डेप्रिसिएशन कवच घेतलेले नसेल, तर अपघाताने फुटलेल्या पॅनेलचेही निम्मे पैसे खिशातून जातात. याहून मोठा तोटा डोळ्यांना दिसत नाही. उघडणे जेवढे त्रासाचे, तेवढी मजुरी जास्त. आणि मजुरी जास्त असली की एअर फिल्टर पाहणे, बॅटरीची टोके साफ करणे अशी कामे पुढे ढकलली जातात. प्रदूषणाच्या प्रमाणपत्रासाठी आपण आग्रह धरतो, पण गाडी स्वच्छ चालावी म्हणून जो भाग वेळेवर तपासायला हवा, तो उघडणेच महाग करून ठेवले आहे.

कायद्याला हा विषय नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असेही आयोगाने बजावले. पण ते प्रकरण चारचाकींचे होते. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. तरीही पोर्टलवर नाव असणे वेगळे आणि सक्ती असणे वेगळे. युरोपीय संघाचा १६८/२०१३ हा नियम दुचाकींनाही लागू आहे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकना वाजवी शुल्कात उपलब्ध करून देणे तो कंपन्यांना बंधनकारक करतो. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएमच्या लहान मोटारसायकली युरोपातही विकल्या जातात. म्हणजे चाकणला बनलेल्या गाडीच्या माहितीवर व्हिएन्नातल्या लहान गॅरेजवाल्याचा कायदेशीर हक्क आहे आणि चाकणच्या गॅरेजवाल्याचा नाही. माहिती तयार आहे, ती देण्याची पद्धतही बसलेली आहे. अभाव आहे तो फक्त आपल्या सरकारच्या आग्रहाचा.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्या मेकॅनिकांपैकी मॅन्युअल वाचणार कोण? हा आक्षेप जुना झाला. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा माणूस मोबाइलवर चित्र पाहून बोल्टचा क्रम सहज समजून घेईल. ते चित्र अधिकृत असावे आणि मजकूर मराठीत असावा, एवढेच. आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे, तिथे ही मॅन्युअल थेट शिकवता येतील. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ब्रेक किंवा इंधनाच्या यंत्रणेत अर्धवट हात घालू नये, हे खरेच. पण लोक आजही तिथे हात घालतातच, आणि तोही माहितीवाचून. माहिती दडवल्याने अपघात टळत नाहीत. तिसरा मुद्दा रचनेचा: स्क्रू उघड दिसले तर गाडी कुरूप होईल आणि खर्च वाढेल. कोणी सगळे स्क्रू बाहेर आणा असे म्हणत नाही. बॅटरी, फिल्टर, प्लग आणि दिवा या नेहमी लागणाऱ्या चार जागांपर्यंत साध्या हत्यारांनी आणि मोजक्या बोल्टांत पोहोचता यावे, एवढी अट आराखडा करणाऱ्यांना जड नाही. राहिला व्यापारी गुपिताचा मुद्दा. इंजिनाची रचना गुप्त असू शकते. पॅनेल कसे काढायचे, हे गाडी विकत घेणाऱ्यापासून लपवण्याजोगे गुपित नव्हे.

मेकॅनिकांची जबाबदारी यामुळे संपत नाही. काढलेले बोल्ट एका ताटलीत ढीग न करता क्रमाने ठेवणे, उरलेला स्क्रू खिशात न टाकता त्याची जागा शोधणे, तुटलेली क्लिप गिऱ्हाइकाला दाखवून सांगणे, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पण माहिती हाती असल्यावरच हलगर्जीपणाचा जाब न्यायाने विचारता येतो. म्हणून मागण्या तीनच आहेत. विक्रीत असलेल्या प्रत्येक दुचाकीचे सर्व्हिस मॅन्युअल मराठीसह भारतीय भाषांत मोफत खुले करावे. क्लिप, बुश, कॉलर आणि बोल्ट पार्ट नंबरसह सुटे विकणे सक्तीचे करावे. आणि फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप व धुलाई यंत्रांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे जसे बंधनकारक केले, तसे गुण शोरूममधल्या दुचाकीवर मायलेजशेजारी लिहावेत. नवी गाडी घेणाऱ्यांनी त्याची वाट न पाहता आजच विक्रेत्याला विचारावे: एअर फिल्टर काढायला किती बोल्ट सोडवावे लागतात, आणि त्यातला एक हरवला तर तो सुटा मिळतो का? हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर कंपन्यांना उत्तर तयार ठेवावेच लागेल.