कॉलेजचा पैसा जातो कुठे?



गेले दोन महिने मी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या काही कॉलेजांचे हिशेब वाचते आहे. निमित्त एका मुलीचे. धडगावकडच्या पाड्यावरून ती कॉलेजात आली, घरातली पहिलीच. दुसऱ्या वर्षी परतली नाही. मी विचारले तेव्हा तिची आई म्हणाली, "ताई, दिवसभर पाणी न पिता पोरगी किती दिवस बसेल?" कॉलेजात मुलींच्या संडासाला पाणी नव्हते. नव्या इमारतीची कमान मात्र मी पाहून आले. देखणी आहे.

अनुदानित कॉलेजात मंजूर पदांचे पगार शासन देते. म्हणून संस्थेची मर्जी कळते ती पगार सोडून उरलेल्या खर्चात. तो बांधकामाकडे का झुकतो, हे समजायला फार शोध नको. 2013 साली सुरू झालेल्या 'रुसा' योजनेत कॉलेजला मिळणाऱ्या दोन कोटींची वाटणीच ठरलेली होती: 35 टक्के नवे बांधकाम, 35 टक्के दुरुस्ती, 30 टक्के साधनसामग्री. 2017 च्या 'नॅक'च्या नमुन्यात तर पगार वगळता पायाभूत सुविधांच्या वाढीवर किती टक्के खर्च केला, ते आकड्यांत द्यायचे. मुलींची सुरक्षितता, समुपदेशन, विश्रांतिकक्ष यांचे मात्र वर्णन लिहायचे! वर्णन काय, कुणीही लिहील. मी वाचलेल्या एका अहवालात त्या खोलीचा फोटोही आहे. दाराचे कुलूप त्यात स्पष्ट दिसते.

आणि संडास रोज धुणारी बाई? ती कंत्राटावर, तिची मजुरी 'किरकोळ'मध्ये. टाकीची मोटार 'देखभाल'मध्ये. त्यामुळे मुलींवर किती खर्च झाला असे विचारले, तर प्राचार्यांनाही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक आदिवासी होते. इथली पुष्कळ कॉलेजे त्यांच्याच नावाने निधी मागतात, हेही लक्षात असू द्या.

2016 च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक संलग्न कॉलेजात विकास समिती आहे. अंदाजपत्रक तीच तयार करते. तिच्यावरच्या तीन शिक्षकांत किमान एक स्त्री असावी लागते. आपल्या वाचकांपैकी दोघी अशा समित्यांवर आहेत. बाईंनो, पुढच्या बैठकीत संडास, पाणी आणि सफाई यांचा वेगळा रकाना मागा. नकार मिळाला तर तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत आम्हाला पाठवा. बाकीच्या कॉलेजांकडे मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकते आहे. उत्तरे येतील तशी छापू.