‘वय झालं’ हे निदान नव्हे

घोलवडच्या चिकूवाडीत फळं उतरली की बायका झाडाखाली बसून ती निवडतात. भरलेली टोपली डोक्यावर घेताना एक दुसरीला हात देते, आणि नेमकं तेव्हाच लघवीचे थेंब सुटतात. खोकला आला, शिंक आली, तरी तेच. सांगायचं कोणाला? धीर करून सासूला किंवा जावेला सांगितलंच, तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘वय झालं, चार बाळंतपणं झाली, असं व्हायचंच.’

हे उत्तर मला मान्य नाही. त्रास वयाबरोबर वाढतो हे खरं, पण त्यामुळे तो अटळ ठरत नाही. मोतीबिंदूही बहुतेकदा वयामुळेच येतो. म्हणून आजीला कोणी आंधळी राहा म्हणत नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदमार्ग यांना खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक पट्टा असतो. बाळंतपण, जड ओझी, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांनी तो सैल पडतो. मग पोटावर दाब आला की लघवी सुटते. दुसरा प्रकार निराळा: मूत्राशय भरण्याआधीच आकसतं आणि मोरीपर्यंत पोचण्याआधी कपडे ओले होतात. काहींना दोन्ही असतात. पण दोन्हींवर इलाज आहे.

‘पाणी कमी पी’ हा दुसरा सल्ला तर उलटा बाधतो. घोलवडहून मुंबईला निघालेली बाई पहाटेपासून घोटभर पाणी पीत नाही, कारण डहाणू रोडला लोकलमध्ये बसलं की डब्यात शौचालय नसतं. तिची भीती खरी आहे, पण पाणी तोडल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. पाणी दिवसभरात विभागून प्यावं. कमी करायचाच तर चहा कमी करावा आणि निजण्याआधीचे दोन तास पिणं आवरतं घ्यावं.

तिसरा सल्ला सगळ्यांत महाग: ‘पिशवी काढून टाक.’ गर्भपिशवी काढल्याने सैल स्नायू घट्ट होत नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे 2019 साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अंग बाहेर येत असेल तर तपासणी हवीच, पण शस्त्रक्रिया ही पहिली पायरी नव्हे.

पहिली पायरी आहे व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी तो 1948 साली मांडला. चारचौघांत वात रोखताना आपण जो भाग आवळतो, तोच आत वर ओढून आवळायचा. पाचपर्यंत मोजायचं आणि तितकाच वेळ सैल सोडायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. टोपली उचलण्याआधी आवळा आणि मगच उचला; खोकण्याआधीही तसंच. अवेळी घाई झाली तर धावू नका. जागीच थांबा, चार-पाच वेळा पटपट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा. लघवीच्या दोन खेपांमधला वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. लघवी अध्येमध्ये तोडून सराव मात्र करू नये.

‘वाडीतल्या बायकांना हे कुठे कळणार?’ असं विचारणाऱ्यांना मी याच डहाणू तालुक्याचा इतिहास दाखवीन. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली शेजारच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. व्यायामही तसाच वाडीत शिकवता येईल. चिकू निवडता निवडता तो करता येतो, शेजारणीला कळतसुद्धा नाही.

व्यायामाने सगळ्याच बऱ्या होतील असं नाही. उरलेल्यांसाठी औषधं आहेत, योनीत बसवायची कडी आहे, मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रिया आहे. लघवीची आणि साखरेची तपासणी आधी करून घ्यावी. लघवीत रक्त, जळजळ, ताप, पायांत अचानक आलेला अशक्तपणा, किंवा अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस गळणारी लघवी असेल तर एक दिवसही घरी थांबू नये.

आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा-सात वेळा जाते. ताप, अंगावरून जाणं, बाळाचं वजन यांबरोबर तिने ‘खोकताना लघवी सुटते का?’ एवढं विचारावं आणि तिथेच व्यायाम दाखवावा. आणि बाईने दिवसभर पाणी प्यायचं, तर वाडीत शौचालयही हवं. ‘डहाणू घोलवड चिकू’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर भाव घेणाऱ्या बागायतदारांनी प्रत्येक वाडीत बायकांसाठी दार लागणारं, पाणी असलेलं शौचालय येत्या हंगामाआधी बांधावं.