पलंगवाल्यांस

कोरियाला जाऊन आलेली मंडळी हल्ली आपल्याकडे वाढत चालली आहेत आणि त्यांतली बरीचशी एकच गाऱ्हाणं घेऊन परततात. 'हानोक' म्हणजे जुन्या पद्धतीच्या कौलारू घरात एक रात्र मुक्काम, असं सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. हौसेने खोलीत पाऊल टाकावं तर पलंग नाही! आमच्या सोसायटीतले एक निवृत्त इंजिनिअर तर हे गाऱ्हाणं गणपतीच्या आरतीनंतर खिरापतीसारखं वाटत असतात. "एवढे पैसे मोजले आणि जमिनीवर झोपवलं हो! त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढायचं? आजोळी फुकट झोपवायचे."

यावर हशा होतो. मला मात्र या गृहस्थांशी कडकडून भांडायचं आहे. (समोरासमोर जमत नाही, ते सोसायटीचे चिटणीस आहेत.)

अहो, आजोळची जमीन गार होती. कोरियातली गरम असते, आणि सगळी मेख तिथेच आहे. जानेवारीत सोलमधला पारा रात्री शून्याच्या खाली दहापर्यंतसुद्धा उतरतो. तिथे माणसं शेकडो वर्षं तगली ती 'ओन्दोल'वर. चुलीचा जाळ आणि धूर वर न जाता आडवा निघतो, खोलीच्या फरशीखालच्या दगडी बोळांतून सरपटत जातो आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. जाता जाता वरचे दगड तापवतो. दगडांवर मातीचा लेप, त्यावर तेल दिलेला जाड पिवळसर कागद, कागदावर 'यो' नावाची पातळ गादी आणि गादीवर आपण. ज्या जाळावर भात शिजला त्याच जाळावर पाहुणाही शेकून निघाला. बी.कॉम.ला आम्हांला कॉस्टिंगच्या पेपरात जे समजलं नाही ते या चुलीला समजलेलं होतं. हल्ली चुलीच्या जागी बॉयलर असतो आणि फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात. पण ऊब येते ती खालूनच.

अशा खोलीत पलंग मागायचा म्हणजे शेकोटीजवळून उठून माळ्यावर जाऊन बसायचं आणि वर "थंडी वाजते" म्हणून ओरडायचं! खुद्द कोरियन लोकांनी फ्लॅटमध्ये पलंग आणले, तेव्हा पाठीला चैन पडेना. मग विजेवर तापणारे दगडी पलंग निघाले. अजून विकले जातात. म्हणजे काय केलं, तर जमीनच दोन फूट वर उचलून घेतली.

फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकेतला मोठा वास्तुशिल्पी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो तोक्योत एका जपानी सरदाराच्या घरी जेवायला गेला. दिवाणखान्यात कुडकुडला, आणि जेवणानंतर त्याला नेलं 'कोरियन खोली'त. शेगडी दिसेना, तरी ऊब कुठून येते हे कळल्यावर हा गडी इतका खूश झाला, की पुढे त्याने अमेरिकेत घरांच्या फरशीखालून नळ्या टाकायला सुरुवात केली. १९३७ साली बांधून झालेलं विस्कॉन्सिनमधलं जेकब्ज यांचं घर त्यातलंच. आमचे इंजिनिअर तीच फरशी पाहून आले आणि पलंग नव्हता म्हणून सांगत सुटले.

ओन्दोलचं सगळं गोड होतं असं नव्हे. मध्यंतरी चुलीत लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या आल्या आणि फरशीच्या भेगांतून विषारी वायू खोलीत शिरू लागला. १९६० आणि ७० च्या दशकांत कित्येक माणसं रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाहीत. त्या पिढीने जमिनीच्या नावाने बोटं मोडली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी नळ्या टाकल्या. जमीन सोडली नाही.

आता हिशोबाचं बोलू, कारण तेवढंच मला येतं. साडेसहा बाय सहाचा पलंग एकोणचाळीस चौरस फूट खातो. दहा बाय दहाच्या खोलीत शंभरातले एकोणचाळीस गेले! वापर चोवीस तासांत सात. उरलेले सतरा तास त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे लोळतात. असं खातं आमच्या शाखेत असतं तर ऑडिटवाल्यांनी लाल शेरा मारला असता. हानोकमध्ये सकाळी गादी आणि 'इबुल' म्हणजे दुलई घडी होऊन कपाटात जाते, बुटकं टेबल येतं आणि झोपायच्या खोलीत न्याहारी मांडली जाते. वाड्यांत नि चाळींत आपण दुसरं काय करत होतो? वळकट्या कोपऱ्यात गेल्या की त्याच खोलीत पाटपाणी व्हायचं. ते आपण गरिबीच्या खात्यात टाकून विसरलो.

जॉन्जूला मी एक रात्र राहिलो, त्या घरच्या आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला कोरियन. त्यांनी गादी घातली, मग तळहात फरशीवर टेकवत खोलीभर फिरल्या, आणि गादी ओढून पलीकडच्या भिंतीशी नेली. तिथे सगळ्यांत जास्त ऊब होती. चुलीकडच्या या बाजूला 'आरेन्मोक' म्हणतात. ती घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्याची. घरातली सगळ्यांत मानाची जागा हातात दिल्यावर पाहुणा म्हणतो, "बाई, खाट नाही का?"

असे पाहुणे वाढले म्हणूनच नव्या सजवलेल्या हानोकांत आता पलंग दिसू लागलेत. घरमालकांना तरी काय म्हणायचं? गिऱ्हाईक चार ओळी वाईट लिहून गेलं की पुढच्या महिन्याचं आरक्षण बुडतं. पलंग आला की बुटकं टेबल जातं, मग खुर्च्या येतात, आणि उरतं ते कौलं घातलेलं हॉटेल. कोकणात "अस्सल कोकणी घर" अशी पाटी लावून आत काय काय बसवलंय ते आपण पाहतोच आहोत.

राहता राहिला गुडघ्यांचा प्रश्न. तो खरा आहे, माझेही वाजतात. त्याला उपाय म्हणजे गादी मागताना दोन बोटं दाखवायची. एकीवर एक घालून देतात. उठताना भिंतीला हात लावायचा, दाराच्या कागदाला नाही.