खांदेरी आधी पाण्यावरून दाखवा

मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, यांस



जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतला खांदेरी आपल्या खात्याच्या संरक्षणाखाली आहे. या मानामुळे आता तिथे माणसांचा ओघ वाढेल. तो वाढण्याआधी एक मागणी मांडतो.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांच्या होडीने आम्ही खांदेरीला गेलो. वाटेत उजव्या-डाव्या अंगाला दिसणारं पाणी हेच या किल्ल्याचं रणांगण. पण बहुतेक प्रवासी ते मोबाइलमधून पाहतात, धक्क्याला उतरतात, दीपगृह आणि गाड्यांवरच्या तोफांजवळ फोटो काढतात, बेटावरच्या वेताळाला नमस्कार करतात आणि परततात. इथे नेमकं काय घडलं, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

घडलं ते असं. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी माणसं घेऊन या ओसाड बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबई इथून जेमतेम वीस किलोमीटर. मुंबईत ये-जा करणाऱ्या प्रत्येक जहाजावर इथून नजर राहणार, हे तिथल्या इंग्रजांनी लगेच ओळखलं. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. 19 सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने इंग्रजांच्या ताफ्यावर चाल केली आणि ‘डव्ह’ हे त्यांचं गुराब जातीचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने दिवसा लढत दिली खरी, पण नाकेबंदी टिकली नाही. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की इंग्रजांची जहाजं जागीच खिळायची आणि अंधारात या होड्या त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवायच्या. पुढे मराठ्यांचा शत्रू असलेल्या सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर तट उभारला. तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिला. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांना तडजोड करावी लागली.

या लढाईचं मर्म तटाच्या आत उभं राहून कळत नाही. होडी उंदेरीच्या जवळून जाते तेव्हा दोन शत्रू एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात कसे राहत होते, ते दिसतं. होडीचा तळ खडकांना चुकवत धक्क्याकडे सरकतो, तेव्हा मोठी जहाजं इथे यायला का धजावत नसत हे नाखव्याच्या हातांकडे पाहूनच उमगतं. दुर्गदर्शनाचा अर्धा भाग पाण्यावर आहे आणि तोच आज मुका आहे.

म्हणून विनंती अशी. थळच्या किनाऱ्यावर मराठीत आणि इतर भाषांत मोठा नकाशा लावा. त्यात 1679 ची नाकेबंदी, उंदेरी आणि मुंबई दाखवा. ज्या नाखव्यांना प्रवासी न्यायचे असतील त्यांना प्रशिक्षण आणि परवाना द्या. दर ठरवून किनाऱ्यावर लिहून ठेवा. प्रत्येक प्रवाशाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडी सुटू देऊ नका. भरती-ओहोटी पाहून फेऱ्या आखा आणि समुद्र शांत असेल त्या दिवशी बेटाला एक वळसा घालूनच किनारा गाठा. पावसाळ्यात होड्यांवरची बंदी कडक पाळा. चाकांच्या गाड्यांवर असलेल्या तोफा दुर्मीळ आहेत. त्यांच्यावर चढणं थांबवण्यासाठी पहारेकरी नेमा.

एक गोष्ट मात्र करू नका. गर्दी झपाट्याने आणण्यासाठी वेगवान बोटींचा ठेका बाहेरच्या कुणाला देऊन कोळ्यांना बाजूला सारू नका. वेताळाला मानणारे, हे खडक पिढ्यानपिढ्या ओळखणारे हेच लोक आहेत. लहान होडीच्या जोरावर टिकलेला किल्ला लहान होडीतूनच पाहायला हवा.

तट आपण सांभाळत आहातच. आता त्याच्याभोवतीचं पाणीही वारसा मानून सांभाळा आणि पुढच्या हंगामाची पहिली होडी सुटण्याआधी थळला तो नकाशा उभा करा, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक दुर्गप्रेमी नागरिक