शास्त्रवचन, परंपरा आणि अर्थनिर्णय

एकाच शास्त्रवचनाचे ख्रिस्ती परंपरांनी परस्परविरुद्ध अर्थ लावले आहेत, या वस्तुस्थितीवरून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात. एक पक्ष म्हणतो की वचन स्वच्छ आहे, आपल्या मंडळीचा अर्थ हाच त्याचा सरळ अर्थ आहे आणि इतरांचे अर्थ हा विपर्यास होय. दुसरा पक्ष म्हणतो की ज्या ग्रंथातून इतके अर्थ निघतात त्याला स्वतःचा अर्थच नाही, वाचणारा आपलेच मत त्यातून वाचून घेतो. हे दोन्ही पक्ष अग्राह्य आहेत, आणि त्यांची तपासणी करण्यासाठी विदर्भाबाहेर जाण्याचे कारण नाही.

जॉन वेस्लीच्या शिकवणुकीला मानणाऱ्या फ्री मेथडिस्ट मंडळीचे यवतमाळ हे जुने कार्यक्षेत्र असून, तिच्या तेथील शिक्षणकार्यातूनच 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. 1983 मध्ये ती पुण्यास हलवली जाईपर्यंत वेगवेगळ्या संप्रदायांचे भावी पाळक यवतमाळात एकत्र शिकत होते. बाळांना बाप्तिस्मा देणारे मेथडिस्ट आणि तो केवळ स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच देणारे मेनोनाइट यांना या संस्थेत एकच ग्रंथ समोर ठेवून अध्ययन करावयाचे होते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या अधिकाऱ्याची कथा या मतभेदाचे उत्तम उदाहरण आहे. भूकंपाच्या रात्री तो आणि त्याच्या घरची सर्व माणसे बाप्तिस्मा घेतात. बालबाप्तिस्म्याचे समर्थक ‘घराणे’ या घटकावर भर देतात. देवाने अब्राहामाशी केलेल्या करारात आठ दिवसांच्या बाळाचीही सुंता होत असे, आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सुंता व बाप्तिस्मा यांचा उल्लेख एकत्र येतो, म्हणून नव्या करारातून मुलांना वगळण्यास आधार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. 1525 मध्ये झुरिकला ज्या चळवळीने प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देण्यास आरंभ केला, तिचा वारसा सांगणारे मेनोनाइट त्याच कथेतील आधीच्या आणि नंतरच्या ओळींकडे बोट दाखवतात: घरातील सर्वांना आधी वचन सांगितले गेले आणि नंतर घरभर आनंद झाला, तेव्हा ऐकणे आणि विश्वास ठेवणे हे बाप्तिस्म्याच्या अगोदरचे आहे.

येथे पहिल्या पक्षाचे खंडन आपोआप होते. त्या घरात तान्हे मूल होते की नव्हते, हे मजकूर सांगत नाही. ती रिकामी जागा दोन्ही परंपरांना अन्य वचनांच्या साहाय्याने भरावी लागते, आणि म्हणून ‘सरळ अर्थ’ एकट्या आपल्याकडे असल्याचा दावा कोणालाही करता येत नाही. परंतु यामुळे दुसरा पक्षही सिद्ध होत नाही. कोणते वचन प्रधान मानून कोणते त्याच्या प्रकाशात वाचावे, एवढ्यापुरताच हा मतभेद आहे. पाणी, वचनश्रवण आणि घराण्याचा समावेश यांपैकी काहीही कोणी नाकारत नाही. मीमांसकांनी ज्याला एकवाक्यता म्हटले, म्हणजे विखुरलेल्या वचनांचा एकाच तात्पर्याशी अन्वय लावणे, तोच हा व्यापार आहे. शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांची भाष्ये भिन्न आहेत एवढ्यावरून ब्रह्मसूत्रे निरर्थक ठरवण्याचे धाडस कोणी जाणकार करणार नाही. मग हाच न्याय बायबलला नाकारण्याचे कारण काय?

तारण गमावता येते का, या वादातही हेच दिसते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय पतनाचा गंभीर इशारा देतो, तर योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही असे आश्वासन आहे. कॅल्व्हिनचे अनुयायी आश्वासन प्रधान मानून पतित झालेले मुळात खरे विश्वासणारे नव्हतेच असे म्हणतात. वेस्लीचे अनुयायी इशारा शब्दशः घेतात आणि ते आश्वासन मेंढपाळामागे चालत राहणाऱ्यांसाठीच असल्याचे दाखवतात. दोन्ही वाचनांना दुसऱ्या बाजूच्या वचनाचा जाब द्यावा लागतो. मतभेद प्रामाणिक असल्याची ही खरी कसोटी आहे, आणि अडचणीचे वचन टाळणारे भाष्य, ते कोणत्याही परंपरेचे असो, या कसोटीवर नापास ठरते.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथा पर्यायी म्हणून मान्य करण्यात आल्या. ही तडजोड सिद्धांतशून्य होती, असा आक्षेप घेतला जातो. तो चुकीचा आहे, कारण दोन्ही वाचनांना शास्त्राधार आहे हे तिने उघडपणे मान्य केले, आणि हे मान्य करण्यास आपले वाचन रेटण्यापेक्षा अधिक अभ्यास लागतो. तरीही एक गाठ सुटत नाही: बाळपणी बाप्तिस्मा झालेली व्यक्ती मोठेपणी तो पुन्हा मागते, तेव्हा एका परंपरेच्या दृष्टीने तो दुसरा आणि म्हणून अमान्य असतो, तर दुसरीच्या दृष्टीने तो पहिलाच असतो, आणि त्या व्यक्तीपुढे उभ्या असलेल्या पाळकाला दोन्ही वाचनांपैकी एकच आचरणात आणता येते.