हरवळ्याची शांतता

डिचोली तालुक्यात हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची म्हणतात. ती बौद्धांची की शैवांची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हांला त्या वादापेक्षा जागेची निवड अधिक विचारात पाडते. जवळच रुद्रेश्वराचे देवालय आणि धबधबा. पावसाळ्यात तेथे नि:शब्दता अशी नसतेच. तरीही मन निवते. कारण त्या घोषाला आपल्याकडून उत्तर नको असते.

सगळीच शांतता अशी नसते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा याच तालुक्यातले रस्ते शांत झाले. पण ट्रकवाल्यांच्या घरी त्या शांततेत कर्जाच्या हप्त्यांचे प्रश्न होते.

वडिलोपार्जित घर ठेवावे की विकावे, हा प्रश्न परप्रांती स्थिरावलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांत वर्षानुवर्षे लोंबकळतो. आमच्याकडेही होता. हरवळ्यास तासभर बसलो, तेव्हा भावंडांचे म्हणणे, नातलगांचे टोमणे, जमिनीचे वाढते भाव, एकेक मागे पडले. उरले ते एवढेच, की त्या घरी राहावयास आमच्यापैकी कोणालाच जावयाचे नव्हते. हे घरात उघड बोलावयास मात्र आणखी दोन महिने लागले.