सेन्सर विकण्याआधी गाडीखाली वाका



ट्रेनिंगला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, कोणता स्कॅनर घेऊ?" माझं म्हणणं, कोणताही घ्या, पण स्क्रीनवरचा कोड बघून पार्ट विकू नका. हे शहाणपण मला फटका बसल्यावर आलंय.

माझं स्पेअर पार्टचं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. भाजी मार्केटला माल नेणारे एक काका पेट्रोल-सीएनजी पिकअप घेऊन आले. चेक इंजिन लाइट लागलेला. शेजारच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. तो म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर गेला. मी सेन्सर काढून दिला, साडेतीन हजार गल्ल्यात टाकले. आठ दिवसांनी काका परत हजर, लाइटही परत हजर. 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही' असा बोर्ड माझ्या डोक्यावरच होता. काकांनी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले.

आता बघा, पी०१७१ म्हणजे 'सेन्सर खराब' नव्हेच. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. सेन्सरने फक्त ही बातमी दिली. चोर आला म्हणून ओरडणाऱ्या वॉचमनलाच आम्ही कामावरून काढलं!

म्हणून आधी सेन्सर कुठे असतो ते स्वतः बघा. इंजिन थंड असताना, कारण सायलेन्सरचा पाइप हात भाजतो. चार सिलेंडर एका रांगेत असलेल्या पेट्रोल इंजिनात साधारण दोन सेन्सर असतात. पहिला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याला लागून, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर. स्कॅनरवर 'बँक १ सेन्सर १' आलं की तो आधीचा, 'सेन्सर २' म्हणजे नंतरचा. परदेशातल्या मोठ्या व्ही-६, व्ही-८ पिकअपमध्ये दोन बँक असतात, त्यामुळे सेन्सर सहसा चार. तिथे ज्या बाजूला एक नंबरचा सिलेंडर, ती बँक १.

दोघांची कामं वेगळी आहेत. पहिला इंधन किती द्यायचं हे ठरवायला मदत करतो. साध्या नॅरोबँड सेन्सरचं रीडिंग गरम इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखं वरखाली होतं. दुसरा कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो, त्याचं रीडिंग बऱ्यापैकी स्थिर हवं. तोही पहिल्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टरवर संशय घ्या.

पी०१३५ आला तर मात्र गोष्ट वेगळी. तो पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड. तिथेही आधी फ्यूज आणि वायरिंग बघा. मग प्लग काढून सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा, त्या बहुधा हीटरच्या असतात. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत, सर्किट तुटलेलं दाखवलं तर खुशाल सेन्सर विका.

काकांच्या गाडीत मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं होतं. हे मला पुढे दुसऱ्याच मेकॅनिककडून कळलं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सरला वाटायचं ऑक्सिजन वाढला. पॅकिंगजवळ काळी काजळी होती, थंड इंजिन चालू केलं की टकटक आवाजही यायचा. वाकून बघायला पाच मिनिटं लागली असती.

तुम्ही म्हणाल, नुसतं बघायचे पैसे गिऱ्हाईक देतं का? सुरुवातीला कुरकुर करतात. मी तपासणीचे ३०० रुपये सरळ सांगून घेतो, काम माझ्याकडे केलं तर बिलातून वजा करतो. बीबीएला मार्जिन शिकवलं, पण सेन्सर फुकट बदलला गेला तर पुढच्या दहा वर्षांचं ऑइल, फिल्टर आणि ब्रेक लायनरचं गिऱ्हाईक जातं, हा हिशोब कोणत्या पेपरात नव्हता. पार्टवर मिळालेल्या सहा-सातशे रुपयांसाठी मी तो सौदा केला.

तो बोर्ड आता काढलाय. काका अजून रोज पहाटे दुकानावरूनच मार्केटला जातात, हॉर्नही वाजवतात. सामान मात्र पुढच्या चौकातून घेतात.